सातव्या प्रश्नासमोरची खूण

हेल्मीने लाल बटण दाबलं, माईक तोंडाजवळ ओढला आणि शाळेच्या सगळ्या वर्गांना एका दमात सांगून टाकलं, की आज मंगळवार आहे, जेवणात चीज घातलेली मॅकरोनी आहे, आणि बाहेरची थंडी पाहता टोपी विसरून आलेल्यांनी आपापले कान स्वतःच्या जबाबदारीवर घरी न्यावेत. मग ती मुद्दाम क्षणभर थांबली. पुढचं तिच्या हातातल्या कागदावर नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं.

"आणि चौथीच्या मुलांनो, बूट आवळा! आज बर्फावरची मासेमारी. तुम्हाला तळ्यावर नेणार आहेत श्रीयुत आर्विद निस्काला. गिरमिट त्यांचं, गळ त्यांचे, मासे तुमच्या नशिबाचे. आणि हो, ते माझे बाबा आहेत. सही हवी असेल तर माझ्यामार्फत मिळेल."

भिंतीपलीकडच्या वर्गात हशा पिकला. तो ऐकून हेल्मीची उंची बोटभर वाढली. गेल्या सप्टेंबरपर्यंत हीच मुलगी, बाईंनी नाव घेतलं तरी कानापर्यंत लाल व्हायची. मग एकदा सूचना वाचणाऱ्या मुलाचा घसा बसला, कुणीतरी कागद हिच्या हातात कोंबला, आणि तेव्हापासून दहावीतल्या हेल्मी निस्कालाला गप्प कसं करायचं हा प्रश्न शाळेपुढे उभा राहिला. बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळी शाळा एकाच इमारतीत, त्यामुळे तिचा आवाज रोज सकाळी चारशे कानांत जायचा. तिला ते फार आवडायचं.

"झालं," ती खुर्चीतून वळून म्हणाली. "कसं झालं, मिसेस ओयाला?"

कचेरीच्या टेबलाशी बसलेल्या मिसेस ओयाला एरवी म्हणाल्या असत्या, 'उतरा आता सिंहासनावरून.' आज त्या नुसतं "हं" म्हणाल्या आणि संगणकाचा पडदा किंचित आपल्याकडे वळवून घेतला.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. छोट्या पडद्यावर बाबा दिसला. कानझाकणी टोपी हातात, पाणी लावून विंचरलेले केस थंडीने ताठ झालेले. कॅमेऱ्यात कुठे बघायचं ते न कळून तो दाराच्या कडीकडे बघून हसत होता.

"अहो, उघडा ना. माझा बाबा आहे."

"माहीत आहे गं," मिसेस ओयाला म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडायचं बटण दाबलं.

पूर्वी हे बटण नव्हतं. बाबा गेली नऊ वर्षं दर फेब्रुवारीत चौथीला तळ्यावर नेत आला होता. यायचा, बुटांचा बर्फ पायपुसण्यावर आपटायचा आणि सरळ वर्गाकडे चालू लागायचा. या वर्षी दक्षिणेकडून नवे मुख्याध्यापक आले, हॅलोरन नावाचे, आणि त्यांच्याबरोबर नवे नियम आले. नुसतं भेटायला येणाऱ्याने गाडीचा परवाना दाखवायचा, यंत्रातून निघालेली फोटोची चिकटपट्टी छातीला लावायची. आणि ज्याला मुलांबरोबर वर्गात बसायचं, वाचून दाखवायचं, सहलीला जायचं, त्याने आधी फॉर्म भरायचा. मग राज्याच्या दप्तरात त्याचं नाव तपासलं जाणार. आजोबा असो, आई असो, नियम सगळ्यांना तोच.

घरी त्या फॉर्मची चिठ्ठी तीन आठवडे फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होती. नेल्सने, म्हणजे हेल्मीच्या धाकट्या भावाने, रोज आठवण करायची आणि बाबाने रोज "उद्या" म्हणायचं. नेल्स यंदा चौथीत होता. बाबा आपल्या वर्गाला नेणार म्हणून तो बालवर्गापासून वर्षं मोजत आला होता. शेवटी एका रविवारी, बाबा सौनाच्या गरम वाफेच्या खोलीत असताना, हेल्मीने त्याच्या पाकिटातून परवाना काढला आणि फोनवर फॉर्म भरून टाकला. बाबाला ईमेल उघडता येत नाही, म्हणून तिथे आपला जुना पत्ता दिला. प्रश्न बारा होते. तिने पहिला नीट वाचला, दुसरा अर्धा वाचला, आणि उरलेल्यांपुढे भराभर 'नाही'वर बोट मारत गेली. सहीसुद्धा बोटानेच केली, हुबेहूब.

बाबा लालबुंद होऊन बाहेर आला तोवर फॉर्म पोचलासुद्धा होता.

"काय काय विचारलं होतं?" टॉवेलने मान पुसत त्याने विचारलं होतं.

"नेहमीचा वेडेपणा. तुम्ही चोर आहात का, दरोडेखोर आहात का, कुणाला मारलंबिरलंय का. मी सगळीकडे 'नाही' ठोकून दिलं. वाचवलं तुला तुरुंगातून! आभार मान."

नेल्स टेबलावर डोकं आपटून हसला होता. आई शेगडीकडे तोंड करून उभी होती, ती तशीच राहिली. बाबाही हसला होता, पण बाकीच्यांचं हसून झाल्यावर.

आता तो कचेरीत आला, टेबलावर परवाना ठेवला आणि म्हणाला, "बेव्ह, मला पण तो फोटोवाला कागद दे. नेल्सला दाखवायचाय."

मिसेस ओयालांनी परवाना उचलला नाही. "आर्विद, आधी जरा सरांना भेटतोस?"

"का? उशीर झाला का मला?"

"नाही रे. मी तुला शुक्रवारी मेल पाठवलं होतं."

"मी कुठे मेल बघतो! तुला माहीत आहे की."

मिसेस ओयालांची नजर बाबावरून निघून सावकाश हेल्मीवर आली आणि तिथेच थांबली. हेल्मीला काही कळलं नाही. म्हणजे एवढंच कळलं, की काहीतरी घोळ झालाय आणि तो निस्तरायला आपण इथे आहोत हे किती बरं. मुख्याध्यापकांनी खोलीचं दार उघडून "मिस्टर निस्काला, या" म्हटलं, तेव्हा तीही मागोमाग आत शिरली.

"हेल्मी, तू वर्गात जा," मिस्टर हॅलोरन म्हणाले.

"सर, फक्त एक मिनिट. नावाचा गोंधळ झाला असणार. निस्काला इथे पोत्याने आहेत, सर. स्मशानात जाऊन बघा, दर चौथ्या दगडावर. माझ्या बाबाचे काकाच दोन आर्विद होते. तुमच्या यंत्राने भलताच कुणी उचलला असेल. माझ्या बाबाला तर कधी गाडी जोरात चालवल्याचा दंडसुद्धा झालेला नाही. आई म्हणते, हा ट्रक बैलगाडीसारखा—"

"हेल्मी," बाबा म्हणाला.

"नाही, बाबा, सांगू दे. शाळेची चूक असेल तर शाळेने मान्य करायला काय—"

"गोंधळ नाहीये."

तो हे टोपीला सांगत होता. टोपी त्याने दोन्ही हातांत धरली होती आणि तिची कानपट्टी तो पुन्हा पुन्हा आत दुमडत होता.

मिस्टर हॅलोरन खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. इथल्या थंडीला अजून बिचकणारा, खोलीतही गळपट्टा गुंडाळून बसणारा. त्यांनी हेल्मीकडे पाहिलं, मग बाबाकडे. बाबाने मान किंचित हलवली. राहू दे तिला, असा त्याचा अर्थ असावा, किंवा आता काय उरलंय, असा.

"बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे," मिस्टर हॅलोरन म्हणाले. "तुम्ही तेव्हा वीस वर्षांचे होता. घरफोडी. नव्वद दिवस तुरुंगात. त्यानंतर काही नाही, एकही नोंद नाही. खरं सांगू का, मिस्टर निस्काला? कधी शिक्षा झाली आहे का, या सातव्या प्रश्नासमोर तुम्ही 'हो' लिहिलं असतंत, तर नियमाप्रमाणे आपण दोघं इथे दहा मिनिटं बसलो असतो, कॉफी प्यायलो असतो आणि मी खाली सही करून टाकली असती. तशा दोन सह्या मी याच महिन्यात केल्यात. पण तुम्ही 'नाही' लिहिलंत. खोट्या उत्तराला या शालेय वर्षापुरती मनाई. तिथे माझ्या हातात काही ठेवलेलंच नाही."

भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळीत टकटक झाली.

"एक विचारायचं होतं," मिस्टर हॅलोरन चष्मा पुसत म्हणाले. "फॉर्म तुम्ही स्वतःच भरलात ना? कारण त्यावर जो ईमेलचा पत्ता आहे... 'पेंग्विनराणी' असं काहीतरी आहे तो. म्हणून वाटलं, कदाचित घरातल्या दुसऱ्या कुणी—"

तो पत्ता हेल्मीने अकरा वर्षांची असताना एका खेळासाठी काढला होता. शुक्रवारचं पत्र तिथेच, न उघडलेलं पडलं होतं.

"माझाच आहे," बाबा म्हणाला.

"पेंग्विनराणी?"

"हो. मला आवडतात पेंग्विन."

तो अजिबात हसला नाही. सव्वासहा फूट उंच, लाकूड कापून कापून बोटं सोट्यासारखी झालेला माणूस मुख्याध्यापकांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगत होता, की मी पेंग्विनराणी आहे. एरवी यावर हेल्मीने आठवडाभर शाळा हसवली असती.

"आणि उत्तरंही तुमचीच?"

"माझीच."

आता बोल, हेल्मीने स्वतःला सांगितलं. तोंड उघड. रोज सकाळी उघडतेस ना? तिने तोंड उघडलंही. पण मग मिस्टर हॅलोरन विचारणार होते, की तू प्रश्न वाचलास का, बाबांना विचारलंस का, दुसऱ्याची सही करणं म्हणजे काय हे दहावीत असून तुला माहीत नाही का. आणि काचेपलीकडे मिसेस ओयाला बसल्या होत्या. तिने तोंड मिटलं आणि टेबलावरच्या पेन ठेवायच्या मगकडे बघत राहिली. मगवर सूर्यफुलं होती. तिने ती मोजली. सात होती.

"सामान देऊ ना तरी?" बाबाने विचारलं. "गाडीत सगळं आहे. वीस पोरांचे गळ बांधलेत मी."

"सामान द्या जरूर. वाहनतळापर्यंत यायला काही हरकत नाही. मिस्टर लाहती नेतील मुलांना." आणि मग, जरा घाईने, "मला वाईट वाटतं, मिस्टर निस्काला."

"नाही नाही. नियम आहे," बाबा म्हणाला. त्यानेच उठून आधी हात पुढे केला.

बाहेर बर्फाची भुकटी उडत होती. हेल्मी कोट न घालताच बाबाच्या मागे गेली. तो तिच्याशी बोलला नाही, पण रागावलेलाही दिसत नव्हता. त्याने ट्रकची मागची फळी पाडली आणि खेळाच्या तासाच्या मिस्टर लाहतींना एकेक वस्तू हातात देत समजावू लागला.

"गिरमिट असं धर. जोर खांद्याने लावायचा नाही, नुसतं वजन टाकायचं. किनाऱ्यापासून साठ पावलांवर बर्फ चांगला हातभर जाड आहे, मी काल पाहून आलो. ओढ्याच्या तोंडाकडे एकालाही जाऊ द्यायचं नाही. खिमा-बटाट्याच्या पॅस्ट्या फडक्यात गुंडाळल्यात, अकरापर्यंत गरम राहतील. बिनकांद्याच्या दोन आहेत, त्यांना दोरा बांधलाय."

"अरे, पण तू का येत नाहीस?" मिस्टर लाहतींनी विचारलं आणि विचारता विचारताच बाबाचा चेहरा पाहून ते गिरमिटाचं पातं तपासायला लागले.

तेवढ्यात चौथी बाहेर आली. फुगलेल्या विजारींत वीस पोरं, दोरीला धरून एका ओळीत, पुढे त्यांच्या मिस पेल्टो. नेल्सने दोरी सोडली आणि बदकासारखा फताफत धावत आला.

"बाबा! तुझा कागद कुठाय? छातीवरचा?"

बाबा गुडघ्यावर बसला. "मला यायला मिळत नाहीये, नेल्स. मिस्टर लाहती येतायत."

"का?"

"मी एकदा चोरी केली होती. तू नव्हतास तेव्हा, हेल्मीही नव्हती. ती फॉर्ममध्ये सांगायची होती. सांगितली नाही."

हे त्याने हळू म्हटलं, पण थंडीत आवाज लांब जातो. ओळीत पहिली असलेली क्विन नावाची मुलगी म्हणाली, "बँकेत?"

"नाही गं. एका घरात."

"काय चोरलं?"

"होडीची मोटर. आणि थोडी दारू."

"परत दिली?"

"मोटर दिली. दारू संपली होती."

"क्विन, ओळीत," मिस पेल्टो म्हणाल्या. त्यांचा चेहरा बाबाहून लाल झाला होता.

नेल्स मात्र कपाळाला आठ्या घालून उभा होता. गणित सुटत नसलं की तो असाच उभा राहायचा. "पण तू कुठे सांगितलं नाहीस?" तो म्हणाला. "तू तर सौनात होतास. फॉर्म हेल्मीने भरला. मी तिथेच होतो ना! ती तुला विचारतच नव्हती, नाही नाही नाही करत दाबत सुटली होती."

सगळ्यांनी हेल्मीकडे पाहिलं. मिस पेल्टोंनी, मिस्टर लाहतींनी, चौथीच्या वीस टोप्यांनी. शाळेच्या दारात मिस्टर हॅलोरन गळपट्टा धरून उभे होते. त्यांनीही.

"हो," हेल्मी म्हणाली. तिला वाटलं, आपण मोठ्याने म्हणालो. "मी भरला. आत सांगितलं नाही."

बाबा अजून गुडघ्यावरच होता. त्याने डोळे मिटले. तेव्हा कुठे हेल्मीच्या लक्षात आलं, की पाचच मिनिटांपूर्वी तो मुख्याध्यापकांना 'माझीच' म्हणाला होता, आणि आता आपण खरं बोलून त्याला एकाच सकाळी दुसऱ्यांदा खोटं पाडलं.

मग दारातून मिस्टर हॅलोरन म्हणाले, "फार थंडी आहे बुवा. कान अगदी गेले माझे, काही ऐकूच येत नाहीये." आणि ते आत गेले. दार त्यांच्यामागे खट्कन बंद झालं.

बाबाने नेल्सची टोपी खाली ओढून त्याचे कान झाकले, त्याचा हात दोरीवर नेऊन ठेवला. ओळ रस्त्याकडे निघाली. नेल्सने दोनदा मागे वळून पाहिलं. पहिल्यांदा बाबाकडे, दुसऱ्यांदा हेल्मीकडे.

ट्रकमध्ये बसल्यावर बाबाने हीटर तिच्या बाजूला वळवला. हेल्मीचे दात वाजत होते.

"मी वाचायला हवं होतं," ती म्हणाली. "तुला विचारायला हवं होतं. त्या दिवशी मी... चोर आहात का, असं म्हणून मी हसले होते. तुझ्या तोंडावर."

"हो, हसलीस."

"तू का नाही सांगितलंस मला? तेव्हा लगेच बदलता आलं असतं."

बाबाने काचेवरची वाफ बाहीने पुसली. रस्त्यापलीकडे तळं पांढरंशुभ्र पसरलं होतं आणि त्यावर वीस रंगीत ठिपके डुलत चालले होते.

"तू विचारलं असतंस, तर मी 'नाही'च लिही म्हटलं असतं," तो म्हणाला. "तू हसली नसतीस तरी. म्हणून तर ती चिठ्ठी तीन आठवडे तिथे लटकत होती. तेव्हा त्या सातव्या प्रश्नाचं जाऊ दे. तो तुझा नाही."

हेल्मीला रडू येत होतं, पण ते मोकळं करणारं नव्हतं. "फक्त एक मोटरच ना, बाबा," ती म्हणाली. "परत पण दिलीस. बावीस वर्षं झाली. कुणाच्या लक्षात आहे आता?"

"घरफोडी लिहिलंय कागदावर," बाबा म्हणाला. "मी फोडलं काहीच नाही. दाराला कुलूपच नव्हतं."

"म्हणजे?"

"त्या काळी हिवाळ्यात कुणी लावायचंच नाही. तळ्यावरची सगळी घरं उघडी. वादळात कुणी सापडला तर त्याला आत शिरता यावं, म्हणून. शेगडीशेजारी सुकी लाकडं ठेवलेली असायची, काडेपेट्या, बरणीत साखर. एकदा मी आठ वर्षांचा असताना माझ्या आजोबांबरोबर असाच एका घरात रात्रभर राहिलो होतो. कुणाचं होतं तेही आम्हाला माहीत नव्हतं." तो थांबला. "मी दार नुसतं ढकललं. लाकडं तशीच रचून ठेवलेली होती."

हीटर घरघरत होता. आज सकाळपासून पहिल्यांदाच हेल्मी मुद्दाम गप्प राहिली.

"मग वसंतात लोकांनी कुलुपं आणली," बाबा म्हणाला. "आधी एकाने. मग हळूहळू सगळ्यांनी."

तळ्याच्या काठाने लाकडी घरांची रांग उभी होती, छपरांवर बर्फ, धुराडी थंड. इतक्या लांबून दारं नीट दिसत नव्हती. पण हेल्मी दर उन्हाळ्यात त्यांच्यासमोरून पोहायला जायची. हिरव्या घराची साखळी तिला माहीत होती, कोपऱ्यावरच्या घराचं आकड्यांचं कुलूप माहीत होतं, त्यापलीकडच्या दोघांची गंजलेली पितळी कुलुपंही. तिला आजवर वाटायचं, ती दारांबरोबरच आली असतील.